प्रयोगशाळेसाठी पेप्टाइड मागवताना: शुद्धता, वजन आणि कागदपत्रे

संशोधनासाठी मागवलेल्या पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या, व्हायलवर ५ मिलिग्रॅम असे छापलेले असले, तरी आत पेप्टाइड तेवढे क्वचितच असते. गोठवून वाळवलेल्या त्या पांढऱ्या भुकटीत पेप्टाइडला क्षाराच्या रूपाने बांधलेले आम्ल असते, ओलावा असतो आणि संश्लेषणात तयार झालेल्या चुकीच्या साखळ्याही थोड्याफार असतात. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याकडे पेप्टाइड मागवण्याचे काम येते तेव्हा तो बहुधा शुद्धतेची टक्केवारी आणि किंमत एवढेच पाहतो, आणि पुढे महिनाभराने निष्कर्ष जुळेनासे झाले की दोष पेशींना, अभिकर्मकांना किंवा स्वतःच्या हाताला देतो. हा गोंधळ मागणीपत्र लिहिताना आणि व्हायल उघडताना घेतलेल्या काळजीने बराचसा टळतो. पुढील विवेचनात शक्यतो अँजिओटेन्सिन २ हेच उदाहरण घेतले आहे, कारण ते केवळ आठ अमिनो आम्लांचे आहे आणि त्याचा सगळा हिशेब कागदावर मांडता येतो.

अशुद्धी येतात कुठून

आज संशोधनासाठी मिळणारी बहुतेक पेप्टाइडे घन आधारावरील संश्लेषणाने बनवली जातात. ही पद्धत ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडली आणि तिच्यासाठी त्यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साखळीचे सी-टोक, म्हणजे कार्बॉक्सिल गटाचे टोक, रेझिनच्या मण्यांना बांधून ठेवायचे, पुढच्या अमिनो आम्लाच्या अमिनो गटावर एफमॉक हा संरक्षक गट ठेवून ते जोडायचे, पिपेरिडीनने तो गट काढायचा आणि पुढचे अमिनो आम्ल जोडायचे, असे चक्र एन-टोकापर्यंत, म्हणजे मुक्त अमिनो गटाच्या टोकापर्यंत, चालते. शेवटी ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लाने, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत टीएफएने, पेप्टाइड रेझिनवरून सोडवले जाते आणि पार्श्वसाखळ्यांवरचे संरक्षक गटही त्याच वेळी निघतात.

यातली एकही पायरी शंभर टक्के पूर्ण होत नाही. दर जोडणीला ९९ टक्के यश मिळाले असे धरले, तरी तीस अमिनो आम्लांच्या साखळीत एकोणतीस जोडण्यांनंतर पूर्ण लांबीचे पेप्टाइड सुमारे ७५ टक्केच उरते. यश ९८ टक्क्यांवर आले तर हाच आकडा ५६ टक्क्यांपर्यंत घसरतो. उरलेल्या साखळ्यांत कुठे एखादे अमिनो आम्ल गळलेले असते, कुठे संरक्षक गट तसाच राहिलेला असतो. रूपाने आणि गुणधर्मांनी त्या हव्या असलेल्या पेप्टाइडच्या इतक्या जवळच्या असतात की शुद्धीकरणात त्यांना वेगळे काढणे हेच खरे खर्चिक काम ठरते. आठ-दहा अमिनो आम्लांचे पेप्टाइड स्वस्त आणि चाळीसच्या पुढचे एकदम महाग, यामागचे कारण हेच आहे. अमायलॉइड बीटा १-४२ सारखे लांब, पाण्याला दूर सारणारे आणि आपसांत गुंफणारे पेप्टाइड असेल, तर दोन लॉटांची, म्हणजे उत्पादनाच्या दोन खेपांची, शुद्धता कागदावर सारखी असूनही त्यांचे गुठळ्या होण्याचे वर्तन वेगळे निघू शकते.

मागणीपत्रात काय लिहावे

अनुक्रम नेहमी एन-टोकाकडून सी-टोकाकडे लिहावा आणि शक्य तेथे एकाक्षरी व त्र्यक्षरी अशी दोन्ही रूपे द्यावीत, कारण एकाक्षरी संकेतांत एका अक्षराची चूक नजरेतून सहज निसटते. नुसते नाव देऊन भागत नाही. माणसातील अँजिओटेन्सिन २ मध्ये पाचव्या जागी आयसोल्यूसीन असते, तर गाईगुरांच्या रूपात त्याच जागी व्हॅलीन असते. दोन्ही पदार्थ विक्रीसाठी मिळतात, दोघांच्या वस्तुमानात १४ डाल्टनांचा फरक असतो आणि यादीत दोघांची नावे एकमेकांखाली असतात.

टोकांचा उल्लेख विसरणे हे तर सर्रास घडते. अनेक नैसर्गिक पेप्टाइड संप्रेरकांचे सी-टोक अमाइड रूपात असते. सबस्टन्स पी हे त्यातले परिचित नाव. त्याचे सी-टोक मुक्त आम्लाच्या रूपात बनवून घेतले तर अनुक्रम अक्षरशः बरोबर असूनही ग्राहीवरची क्रिया कमालीची घटते. उलट, एखाद्या मोठ्या प्रथिनाच्या मधला तुकडा अभ्यासायचा असेल, तर एन-टोकाला अॅसिटिल आणि सी-टोकाला अमाइड बसवून घेणे सयुक्तिक असते, कारण मूळ प्रथिनात त्या जागी मुक्त विद्युतभार नसतो. सिस्टीन असल्यास ते मुक्त हवे की डायसल्फाइड बंधात, आणि दोनपेक्षा अधिक सिस्टीन असल्यास कोणता कोणाशी जोडलेला हवा, हे स्पष्ट लिहावे.

शुद्धतेची पातळी प्रयोगावरून ठरवावी. प्रतिपिंडे तयार करण्यासाठी किंवा प्राथमिक चाळणीसाठी ७० ते ८० टक्के शुद्धता सहसा पुरते. विकरांच्या गुणात्मक चाचण्यांसाठी ८५ टक्क्यांच्या आसपास चालते. मात्रा आणि प्रतिसाद यांचा आलेख काढायचा असेल, ग्राहीबंधन मोजायचे असेल किंवा एनएमआर करायचे असेल, तर ९५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये. ९८ टक्क्यांचा आग्रह मात्र स्फटिकीकरण किंवा संदर्भमानक असे खरे कारण असल्याशिवाय धरू नये, कारण त्या शेवटच्या तीन टक्क्यांसाठी मोजावी लागणारी किंमत अनेकदा पटण्यासारखी नसते.

क्षाराच्या रूपाकडे त्याहून अधिक लक्ष द्यावे. विशेष सांगितले नाही तर पेप्टाइड टीएफए क्षाराच्या रूपात येते. साध्या विकर चाचणीत त्याने फारसे बिघडत नाही, परंतु पेशींवर, विशेषतः कमी पेशीसंख्येवर आणि दीर्घकाळ चालणाऱ्या प्रयोगांत, टीएफएचा स्वतःचा परिणाम दिसू शकतो. अवरक्त वर्णपटात तर १६७३ प्रतिसेंटिमीटरच्या आसपासचा त्याचा ठळक पट्टा पेप्टाइडच्या अमाइड-१ पट्ट्यावरच येऊन बसतो आणि द्वितीयक रचनेचे वाचन बिघडवतो. अशा कामांसाठी अॅसिटेट किंवा क्लोराइड क्षार मागवावा. क्षारबदलात थोडे पेप्टाइड वाया जाते आणि किंमत वाढते, पण पेशींवरच्या प्रयोगाला हा खर्च योग्यच आहे. प्रतिकारपेशींवर काम असेल तर एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातून येणाऱ्या विषारी घटकाची, मर्यादाही लेखी मागावी. एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीवर, ९९ टक्के शुद्ध दिसणाऱ्या पेप्टाइडमध्येही पेशींना चेतवण्याइतके एंडोटॉक्सिन असू शकते, कारण ती पद्धत त्यासाठी नाहीच. त्याकरिता एलएएल ही एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी वेगळी करावी लागते.

वजनाचा हिशेब

शुद्धता आणि निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचपीएलसीची शुद्धता म्हणजे पेप्टाइडजन्य घटकांपैकी हव्या असलेल्या पेप्टाइडचा वाटा. ती २१४ किंवा २२० नॅनोमीटरला, म्हणजे पेप्टाइड बंध प्रकाश शोषतो त्या तरंगलांबीला, शिखरांच्या क्षेत्रफळावरून काढतात. पाणी आणि क्षार त्या गणतीत धरलेले नसतात. निव्वळ प्रमाण म्हणजे भुकटीच्या एकूण वजनात पेप्टाइड किती. ते अमिनो आम्ल विश्लेषणाने किंवा नायट्रोजनाच्या मापनाने काढतात. शुद्धता ९८ टक्के आणि निव्वळ प्रमाण ७० टक्के असे एकाच व्हायलमध्ये अगदी सहज असू शकते आणि त्यात विक्रेत्याची लबाडी नसते.

अँजिओटेन्सिन २ घेऊ. अनुक्रम अॅस्पार्टिक आम्ल, आर्जिनिन, व्हॅलीन, टायरोसीन, आयसोल्यूसीन, हिस्टिडीन, प्रोलीन, फिनाइलअॅलनीन असा असून रेणुभार १०४६.२ आहे. त्यात एन-टोक, आर्जिनिन आणि हिस्टिडीन अशा तीन आम्लारी जागा आहेत. प्रत्येक जागेला ११४ भाराचा टीएफएचा एक रेणू बांधला गेला, तर ३४२ ची भर पडते आणि पूर्णपणे कोरड्या, पूर्णपणे शुद्ध भुकटीतही पेप्टाइडचा वाटा सुमारे ७५ टक्केच भरतो. त्यावर थोडा ओलावा धरला की ७२ टक्के हा अगदी अपेक्षित आकडा झाला. अॅसिटिक आम्लाचा रेणुभार ६० असल्याने अॅसिटेट क्षारात हाच वाटा ८५ टक्क्यांपर्यंत जातो. लायसीन आणि आर्जिनिन भरपूर असलेल्या पेप्टाइडांत टीएफएचे ओझे याहून कितीतरी जास्त असते.

समजा, व्हायलवर ५ मिलिग्रॅम लिहिले आहे, निव्वळ प्रमाण ७२ टक्के आणि शुद्धता ९६.४ टक्के आहे. तर हवे ते पेप्टाइड ५ गुणिले ०.७२ गुणिले ०.९६४, म्हणजे सुमारे ३.४७ मिलिग्रॅम, अर्थात ३.३२ मायक्रोमोल आहे. १० मिलिमोलरचा स्टॉक, म्हणजे साठवणीचे संहत द्रावण, करण्यासाठी त्यात साधारण ३३२ मायक्रोलिटर द्रावक घालावा लागेल. लेबलवरचे ५ मिलिग्रॅम खरे मानून ४७८ मायक्रोलिटर घातले, तर स्टॉक १० ऐवजी ६.९ मिलिमोलरचा होतो आणि त्यावरून काढलेला प्रत्येक आलेख एकाच बाजूला सरकतो. पुढचा लॉट वेगळ्या निव्वळ प्रमाणाचा आला की तो सरकण्याचा पल्लाही बदलतो, आणि मग पेप्टाइड पूर्वीसारखे काम करत नाही अशी तक्रार ऐकू येते.

हा हिशेब बरोबर आहे का, हे ताडून पाहण्याची सोय प्रयोगशाळेतच असते. अँजिओटेन्सिन २ मध्ये एक टायरोसीन आहे आणि २८० नॅनोमीटरला टायरोसीनचा मोलर शोषणगुणांक सुमारे १४९० आहे. १० मिलिमोलरचा स्टॉक शंभरपट विरल करून एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये वाचला, तर शोषण ०.१४९ च्या जवळपास यायला हवे, ०.१०३ आले तर स्टॉक कोणी लेबलवर विसंबून केला आहे हे लगेच कळते. ट्रिप्टोफॅन असल्यास त्याचा गुणांक ५५०० धरावा. दोन्ही नसतील तर अमिनो आम्ल विश्लेषणाला पर्याय नाही, आणि ते मागणीपत्रातच मागून घेणे सोयीचे पडते.

सीओए कसा वाचावा

विश्लेषण प्रमाणपत्र, म्हणजे सीओए, हा त्याच लॉटचा असला पाहिजे. संकेतस्थळावरचा नमुना सीओए हा पुरावा नव्हे. व्हायलवरचा लॉट क्रमांक, सीओएवरचा लॉट क्रमांक आणि क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे एचपीएलसीच्या आलेखाच्या, चित्रावरचा क्रमांक असे तिन्ही जुळवून पाहावेत. नुसता "शुद्धता ९८ टक्क्यांहून अधिक" एवढा मजकूर असेल आणि आलेख जोडलेला नसेल, तर तो सीओए अपुरा समजावा.

क्रोमॅटोग्राम पाहताना आधी तरंगलांबी बघावी. २८० नॅनोमीटरला काढलेल्या आलेखात ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसीन नसलेल्या अशुद्धी दिसतच नाहीत, त्यामुळे शुद्धता फुगलेली दिसते. मग ग्रेडियंट पाहावा: अॅसिटोनायट्राइलचे प्रमाण पाच मिनिटांत शून्यावरून शंभर टक्क्यांवर नेले असेल, तर जवळजवळच्या अशुद्धी मुख्य शिखराखाली दडतात, मिनिटाला एखाद-दोन टक्क्यांनी चढणारा ग्रेडियंट अधिक प्रामाणिक असतो. मुख्य शिखराच्या पायथ्याशी खांदा आहे का, आणि छोटी शिखरे क्षेत्रफळाच्या गणतीत धरली आहेत की सोडून दिली आहेत, हेही तपासावे. दोन वेगळ्या लॉटांना एकच आलेख जोडलेला आढळला, तर त्या विक्रेत्याकडे पुन्हा जाण्याचे कारण उरत नाही.

वस्तुमान वर्णपटात अँजिओटेन्सिन २ चे एकभारित शिखर १०४६.५४ ला आणि द्विभारित शिखर ५२३.७७ ला दिसते. अपेक्षित आकड्याशेजारी दिसणारी इतर शिखरे बरेच काही सांगतात: १६ ची भर म्हणजे बहुधा मेथिओनिन किंवा ट्रिप्टोफॅनचे ऑक्सिडीकरण, ५६ ची भर म्हणजे टर्शरी ब्युटिल गट, ५७ ची घट म्हणजे गळलेले ग्लायसीन, १७ ची घट म्हणजे टोकाच्या ग्लुटामिनचे पायरोग्लुटामेट होणे. अॅस्पॅराजिनचे डीअमिडेशन जेमतेम एका डाल्टनचा फरक करते, म्हणून कमी विभेदनाच्या उपकरणावर ते नजरेत येत नाही.

वस्तुमान जुळले म्हणजे अनुक्रम जुळला असे मात्र समजू नये. ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन यांचे वस्तुमान तंतोतंत सारखे आहे. दोन शेजारची अमिनो आम्ले उलटसुलट जोडली गेली तरी एकूण वस्तुमान तेच राहते. संश्लेषणात एखाद्या एल-अमिनो आम्लाचे डी रूप झाले, तरीही वर्णपटाला त्याचा पत्ता लागत नाही. निष्कर्ष ज्या एका पेप्टाइडवर उभा आहे त्याची एमएस-एमएस, म्हणजे रेणू तोडून तुकड्यांच्या वस्तुमानावरून अमिनो आम्लांचा क्रम पाहणारी, तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी. आयआयटी मुंबईतील सैफसारख्या सामायिक उपकरण केंद्रांत शुल्क भरून बाहेरच्या संशोधकांनाही नमुने देता येतात.

कोणाकडून घ्यावे

परिचित पेप्टाइड असेल तर तयार यादीतून घेणे स्वस्त पडते. स्वतःचा अनुक्रम असेल तर तो बनवून घ्यावा लागतो. स्वित्झर्लंडमधील १९७१ मध्ये स्थापन झालेल्या बाखेमसारख्या जुन्या कंपन्या आणि जेनस्क्रिप्टसारख्या मागणीनुसार संश्लेषण करणाऱ्या कंपन्या वितरकांमार्फत भारतात माल पुरवतात. कंपनीच्या नावापेक्षा तिच्या उत्तरांवरून पारख करावी. अवघड अनुक्रम पाठवल्यावर जी कंपनी विद्राव्यतेबद्दल किंवा ऑक्सिडीकरणाबद्दल आपणहून शंका काढते, ती विश्वासाची. चाळीस अमिनो आम्लांच्या चिकट साखळीला ९८ टक्क्यांचा होकार तासाभरात देणारी नव्हे. आयएसओ प्रमाणपत्र व्यवस्थापनाच्या पद्धतीचे असते, हातातल्या व्हायलचे नसते. जीएमपी, म्हणजे औषधनिर्मितीच्या, दर्जाची मागणी मूलभूत संशोधनात निरर्थक महाग पडते.

शासकीय अनुदानावरच्या प्रयोगशाळांत खरी अडचण एल-वनची, म्हणजे सर्वांत कमी दराच्या निविदेची असते. तिच्यावर उपाय तपशिलातच आहे. "शुद्धता ९५ टक्के" एवढेच लिहिलेल्या दरपत्रकात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अपुरा माल हमखास जिंकतो. क्षाराचे रूप, निव्वळ प्रमाणाचा दाखला, २१४ किंवा २२० नॅनोमीटरचा लॉटनिहाय क्रोमॅटोग्राम, वस्तुमान वर्णपट, ठरावीक वजनाच्या व्हायलमध्ये विभागणी आणि अपयशी ठरल्यास बदली, अशा अटी आधीच घातल्या की तुलना समपातळीवर होते. केंद्राच्या वैज्ञानिक संस्थांना दरपत्रकाशिवाय थेट खरेदीची मर्यादा २०२५ च्या जूनमध्ये १ लाखावरून २ लाख रुपये झाली आहे, त्यामुळे लहानसहान मागण्या आता तुलनेने लवकर मार्गी लागतात. राज्य विद्यापीठांनी आपापल्या खरेदी विभागाचे नियम पाहावेत.

"केवळ संशोधनासाठी" या शब्दांचा आडोसा घेऊन व्यायामशाळांतल्या गिऱ्हाइकांना पेप्टाइडे विकणारा एक समांतर बाजार आंतरजालावर फोफावला आहे. बीपीसी-१५७ सारखी नावे तिथे सतत दिसतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून त्यावर बंदी घातलेली आहे. जो विक्रेता पेप्टाइडबरोबर इंजेक्शनचे पाणी आणि सिरिंजही विकतो, मात्रेच्या गप्पा करतो आणि खरेदीदार कोणत्या संस्थेचा हे विचारत नाही, तो प्रयोगशाळेचा पुरवठादार नव्हे. संशोधन दर्जाच्या पेप्टाइडची निर्जंतुकता तपासलेली नसते आणि ते माणसाला देण्यासाठी नसतेच. त्यासाठी २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांखाली रीतसर परवानगी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी मागणीपत्राच्या आधी मिळवावी, नंतर नव्हे.

व्हायल हाती आल्यावर

कोरडे पेप्टाइड प्रवासात काही दिवस खोलीच्या तापमानाला राहिले तर सहसा बिघडत नाही. त्यामुळे पार्सलमधला बर्फ वितळलेला दिसला म्हणून घाबरू नये. मात्र आल्याबरोबर ते उणे २० अंशांवर, शक्य असल्यास उणे ८० अंशांवर, कोरड्या डब्यात ठेवावे. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर टाळावा, कारण त्याचे तापमान सतत वरखाली होते.

उघडण्यापूर्वी व्हायल डेसिकेटरमध्ये ठेवून पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात थंड व्हायल थेट उघडली, तर हवेतले पाणी क्षणात भुकटीवर उतरते आणि आधीच काढलेला निव्वळ प्रमाणाचा आकडा निरुपयोगी होतो. भुकटी झाकणाला चिकटलेली असते, म्हणून आधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये अल्पकाळ फिरवावी. एक-दोन मिलिग्रॅम भुकटी वजन करून काढण्याचा खटाटोप करण्यापेक्षा सगळी व्हायल एकदम विरघळवून तिचे अॅलिकॉट, म्हणजे एका वेळेपुरते छोटे भाग, करणे चांगले.

द्रावक निवडताना लायसीन, आर्जिनिन आणि एन-टोकाचे धन भार, तसेच अॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल आणि सी-टोकाचे ऋण भार मोजावेत. बेरीज धन असेल तर आधी पाणी आणि मग विरल अॅसिटिक आम्ल, ऋण असेल तर विरल अमोनियम बायकार्बोनेट वापरून पाहावे. पाण्याला दूर सारणाऱ्या पेप्टाइडला डीएमएसओ लागते, पण मेथिओनिन किंवा मुक्त सिस्टीन असल्यास ते ऑक्सिडीकरण घडवू शकते म्हणून तेथे डीएमएफचा विचार करावा. सारे पेप्टाइड पणाला लावण्याआधी एकाच व्हायलवर चाचणी घ्यावी, आणि स्वच्छ दिसणारे द्रावणही सेंट्रिफ्यूज करून तळाशी काही बसते का ते पाहावे. द्रावणातले पेप्टाइड कोरड्या पेप्टाइडइतके टिकत नाही. अॅलिकॉट एकदा वितळवला की उरलेला भाग पुन्हा गोठवू नये.

नोंदवहीत आणि पुढे शोधनिबंधाच्या पद्धती विभागात पुरवठादार, लॉट क्रमांक, क्षाराचे रूप, शुद्धता, निव्वळ प्रमाण आणि संहती कशी मोजली हे सगळे लिहावे. नवा लॉट मागवण्याची वेळ येईल तेव्हा जुन्या लॉटची एक न उघडलेली व्हायल शिल्लक असेल असे पाहावे, दोन्ही लॉट एकाच दिवशी, एकाच पेशींवर, शेजारी शेजारी चालवावेत आणि आलेख एकमेकांवर बसल्याची खात्री झाल्यावरच नवा लॉट वापरात आणावा.